तांबोरा, फ्रँकेन्स्टाइन आणि पन्नासेक शब्द

ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला व्हेसुव्हियस आठवतो, फार तर क्राकाटोआ. तांबोरा हे नाव घेतलं तर दहातले नऊ जण "हे नवीन हॉटेल कुठं निघालं?" असं विचारतील. उरलेला एक वाचणाऱ्यातला असेल, तर लगेच म्हणेल, "हो हो, तो फ्रँकेन्स्टाइनवाला ज्वालामुखी!" आज मला लिहायचंय ते या दहाव्या माणसाच्या उत्तराबद्दल.

ती गोष्ट बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. १८१५ साली इंडोनेशियात एक डोंगर फुटला, त्यामुळं १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पावसामुळं काही लेखकमंडळी जिनिव्हाच्या तळ्याकाठी घरात अडकून पडली, आणि कंटाळा घालवायला त्यांनी भुताच्या गोष्टी लिहायला घेतल्या. त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' जन्माला आली. शिवाय धान्य महागलं, घोड्यांना खायला मिळेना, म्हणून जर्मनीत कुणीतरी सायकल शोधली. साहित्य, इतिहास, निसर्ग, तंत्रज्ञान, सगळं एका पानात. शाळेच्या प्रकल्पाला याहून सोयीचा विषय मिळायचा नाही.

गोष्ट खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण ती नेहमी जिनिव्हापासून सुरू होते आणि डोंगराचा उल्लेख पहिल्या वाक्यात उरकून टाकते. मला ती डोंगरापासून सांगायचीये.

आधी काळाचा अंदाज यावा म्हणून: १८१५ म्हणजे आपल्याकडं दुसरा बाजीराव. त्या वर्षी जुलैत पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, ज्यावरून पुढं एवढं रामायण घडलं. युरोपात जूनमध्ये वॉटर्लू झालं. आणि जावा बेट तेव्हा काही वर्षांपुरतं इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथला लेफ्टनंट गव्हर्नर होता स्टॅमफर्ड रॅफल्स, ज्यानं पुढं सिंगापूर वसवलं तोच.

जावाच्या पूर्वेला बाली, मग लोंबोक, आणि त्यापुढचं बेट सुंबावा. तांबोरा या सुंबावावर. उंची अंदाजे ४,३०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई एकावर एक अडीच वेळा रचलं तरी कमीच पडेल. पायथ्याशी छोटी छोटी राज्यं होती: तांबोरा, पेकात, सांगार वगैरे. तिथले लोक घोडे, मध आणि रंगासाठी वापरलं जाणारं पतंगाचं लाकूड विकायचे. डोंगर फुटू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण माणसांच्या आठवणीत तो कधी फुटलेलाच नव्हता.

५ एप्रिल १८१५ला संध्याकाळी पहिला स्फोट झाला. तो शेकडो किलोमीटर दूर जावात ऐकू गेला, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं तोफा चालतायत. योग्यकार्ताहून सैन्याची तुकडी निघाली, कुठल्या तरी ठाण्यावर हल्ला झाला असावा म्हणून. किनाऱ्यावरून बोटी सोडल्या, एखादं जहाज संकटात असेल म्हणून. तिकडं मकासरहून कंपनीचं 'बनारस' नावाचं जहाज चाच्यांना शोधायला बाहेर पडलं! मला हा तपशील फार आवडतो. आवाज ऐकल्यावर ज्याला जी भीती आधीपासून होती, तीच त्याला ऐकू आली.

खरा स्फोट झाला १० एप्रिलला. सांगारचा राजा त्यातून वाचला, आणि पुढं त्यानं जे सांगितलं तेच जवळून पाहिलेल्या माणसाचं वर्णन म्हणून आपल्यापर्यंत पोचलंय. संध्याकाळी सातच्या सुमारास आगीचे तीन वेगवेगळे स्तंभ उठले आणि खूप उंचीवर एकमेकांत मिसळले. मग दगडांचा पाऊस, मग वावटळ. झाडं, घरं, माणसं, गुरं सगळं उचलून नेणारी. राखेचा लोट चाळीसेक किलोमीटर उंच गेला. आवाज दोन हजार किलोमीटरवर सुमात्रात पोचला. 'बनारस'वरच्या लोकांना भर दिवसा डोळ्यासमोर धरलेला हात दिसेना. सगळं शांत झालं तेव्हा डोंगराचं डोकंच उडालेलं होतं. आज तांबोरा साधारण २,८५० मीटर आहे आणि वर सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे.

इथवरची हकिकत सिनेमासारखी आहे. पुढची नाही. थेट स्फोटात मेले ते दहा-बारा हजार. पण एकूण बळींचा सावध अंदाजसुद्धा ७० हजारांच्या वर जातो, जुने अंदाज ९० हजारांपर्यंत. मधले सगळे भुकेनं आणि रोगानं गेले, पुढच्या काही महिन्यांत, सुंबावात आणि शेजारच्या लोंबोकात. राखेखाली शेतं गेली, पाण्यात राख गेली, ते पाणी पिऊन माणसांना आणि घोड्यांना जुलाब. रॅफल्सनं ओवेन फिलिप्स नावाच्या लेफ्टनंटला तांदूळ देऊन पाठवलं. त्यानं लिहून ठेवलंय की रस्त्याच्या कडेला प्रेतं पडलेली होती, गावंच्या गावं ओस, लोक केळीचे खुंट आणि ताडाचे गाभे खाऊन राहिलेले. सांगारच्या त्या राजाची स्वतःची मुलगी उपासमारीनं मेली. राजाची मुलगी! मग बाकीच्यांचं काय झालं असेल ते आपणच समजून घ्यायचं.

आता जाऊया जिनिव्हाला.

राख जड असते, ती काही दिवसांत-आठवड्यांत खाली बसते. युरोपाला भोवली ती राख नव्हे, गंधक. तांबोरानं अंदाजे ६ कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. तो वातावरणाच्या अशा थरात गेला की जिथं पाऊस पडतच नाही, त्यामुळं धुऊन निघायची सोय नाही. तिथं त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब झाले, आणि ते वर्ष-दोन वर्षं ऊन परत अवकाशात पाठवत राहिले. तांबोरा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर असल्यानं हा पडदा दोन्ही गोलार्धांत पसरला. पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण सरासरी फसवी असते. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडलं. स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीत पिकं शेतातच कुजली, धान्यासाठी दंगे झाले. चीनच्या युन्नान प्रांतात भात बुडाला, तिथं ली युयांग नावाच्या कवीनं त्या दुष्काळावर कविता लिहिल्या. जिनिव्हाच्या गोष्टीत त्याचं नाव कुणी घेत नाही.

तळ्याकाठच्या व्हिला दिओदातीत जून १८१६ मध्ये बायरन होता, त्याचा डॉक्टर पोलिडोरी होता, आणि शेजारून येऊनजाऊन असणारे शेली, मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. 'फ्रँकेन्स्टाइन' जानेवारी १८१८ मध्ये छापून आली, लेखिकेच्या नावाशिवाय, फक्त पाचशे प्रती. पोलिडोरीनं 'व्हॅम्पायर' लिहिली, म्हणजे ड्रॅक्युलाचा आजोबा म्हणा ना. पावसानं घरात कोंडून ठेवलं होतं हे मेरीनं स्वतः पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय, तेव्हा तेवढं कबूल. पण कादंबरी पावसानं लिहिली नाही. ती गॅल्व्हनीच्या विजेच्या प्रयोगांच्या चर्चेतून आली, मेरीच्या वाचनातून आली, आणि आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल काही दिवसांतच गेलं होतं त्यातूनही आली असावी. पाऊस त्या उन्हाळ्यात अख्ख्या युरोपात पडत होता, लिहिलं या मुलीनं.

(जाता जाता आमच्या धंद्यातला संबंध: बायरन एप्रिल १८१६ मध्ये इंग्लंड सोडून आला तो कायमचा. मागं राहिलेली त्याची चार महिन्यांची मुलगी म्हणजे एडा, जिला आपण पहिली प्रोग्रामर म्हणतो. बापलेकीची परत भेट झाली नाही. याचा ज्वालामुखीशी काडीचाही संबंध नाही, तरी कुणीतरी जोडेलच.)

सायकलचं म्हणाल तर मानहाइमच्या कार्ल ड्राइसनं आपली पेडल नसलेली लाकडी दुचाकी १२ जून १८१७ला चालवली हे खरं. घोड्यांच्या चाऱ्याच्या महागाईमुळं त्याला ती सुचली, हा मात्र खूप नंतर मांडलेला तर्क आहे आणि सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही. हेच आपल्याकडच्या पटकीचं. १८१७ साली बंगालात कॉलऱ्याची मोठी साथ उठली. पेंढाऱ्यांवर आणि मराठ्यांवर चालून निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत तिनं थैमान घातलं, आणि १८१८ मध्ये ती मुंबईत पोचली. बिघडलेल्या मान्सूनमुळं, म्हणजे पर्यायानं तांबोरामुळं ही साथ आली असं मांडणारे लेखक आहेत. मला ही साखळी फार ताणलेली वाटते. एक घटना दुसरीनंतर घडली म्हणजे पहिलीमुळं घडली असं होत नाही, हे कुठल्याही डीबगिंग करणाऱ्याला ठाऊक असतं.

डीबगिंगवरून आठवलं. मला या सगळ्यात सर्वात गुंतवणारा प्रश्न हा आहे की १८१६ साली कुणालाच कारण का कळलं नाही? माहिती नव्हती म्हणावं तर तसंही नाही. रॅफल्सनं जागोजागच्या लोकांकडून स्फोटाची वर्णनं मागवून घेतली होती, ती छापलीही गेली. ज्वालामुखीच्या धुरानं थंडी पडू शकते ही कल्पनाही नवी नव्हती. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी फुटला, त्यानंतर बेंजामिन फ्रँकलिननं हा अंदाज बोलून दाखवला होता. म्हणजे लॉग होता, थिअरी होती, फक्त दोन्ही वेगवेगळ्या मशीनवर पडून होते, आणि मधे बारा-चौदा महिन्यांचं अंतर. लोकांनी १८१६ साली दोष दिला तो सूर्यावरच्या डागांना, कारण धुरकट आभाळामुळं ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. बोलोन्याच्या एका ज्योतिर्विदाच्या नावावर तर १८ जुलैला सूर्य विझणार अशी भविष्यवाणी खपली, आणि लोक खरोखर घाबरले.

जोडणी झाली ती विसाव्या शतकात. विल्यम हम्फ्रीज या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानं १९१३ पासून मांडायला सुरुवात केली. मग ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोकं पाडून नमुने काढले, त्यात त्या वर्षांच्या थरात गंधक सापडलं, दोन्ही ध्रुवांवर. त्याच बर्फात १८०९च्या आसपासचा आणखी एक मोठा स्फोट सापडलाय. तो कुठल्या डोंगराचा हे अजून नक्की झालेलं नाही! म्हणजे तांबोरा फुटला तेव्हा पृथ्वी आधीच थोडी गारठलेली होती. एकच बग होता असं समजून तिकीट बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

क्राकाटोआ १८८३ साली फुटला. तांबोराच्या मानानं बराच लहान, तरी जगभर गाजला, कारण तोवर समुद्राखालून तारा टाकून झाल्या होत्या आणि बटाव्हियाहून सिंगापूरमार्गे बातमी लंडनला लगेच पोचली. तांबोराची बातमी शिडाच्या जहाजानं गेली. पोचेपर्यंत वर्ष संपत आलं, आणि लंडनला वॉटर्लूपुढं दुसरं काही सुचत नव्हतं.

असो. पुन्हा सुंबावाला येतो.

तांबोराच्या पायथ्याच्या तांबोरा राज्यातले लोक जवळजवळ सगळेच्या सगळे मेले. त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही गेली. त्या भाषेचं आज जगात जे काही शिल्लक आहे ती एक यादी आहे, पन्नासाच्या आतल्या शब्दांची. स्फोटाच्या आधी कुणीतरी ती टिपून घेतली होती आणि रॅफल्सनं १८१७ च्या आपल्या जावाच्या इतिहासात इतर बेटांच्या याद्यांबरोबर छापली. एक ते दहा आकडे. डोळे, नाक, केस, दात, हात, पाय. पाणी, आग, सूर्य, चंद्र, तारे. चांगलं, वाईट. एक वाक्य नाही, एक क्रियापद कसं चालतं ते नाही, एखादी शिवी नाही की अंगाईगीत नाही. मार्क डोनोह्यू या भाषाशास्त्रज्ञानं २००७ साली ही यादी घेऊन दाखवलं की आजूबाजूच्या भाषा ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, त्यात ती बसत नाही. तिचं नातं दूर पूर्वेच्या पापुआकडच्या भाषांशी असावं. इतक्या पश्चिमेला तशी दुसरी भाषा माहीत नाही.

२००४ साली हराल्डूर सिगुर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं एका घळीत खणलं. सुमारे तीन मीटर राख आणि प्युमिसखाली एक घर सापडलं. लाकडाच्या तुळया जळून कोळसा झालेल्या, पण जागच्या जागी. काशाची भांडी, मातीची मडकी, लोखंडी अवजारं. आणि दोन माणसं. त्यांच्या भाषेत घराला किंवा मडक्याला काय म्हणत ते सांगता येणार नाही. दाताला काय म्हणत ते येईल.