फॅन श्राउड, जुन्या मोटारींचे
रेडिएटरची जाळी आणि पंखा यांमधील पत्र्याचे आवरण. ते नसेल तर पंखा बाजूच्या फटीतली गरम हवाच पुन्हा खेचतो व जाळीचे कोपरे हवेविना राहतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी सिग्नलला इंजिन मंद फिरत असते, पट्ट्यावरचा पंखाही मंदावतो आणि काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. श्राउडची खरी गरज तिथे कळते.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११०० सारख्या गाड्या जपणाऱ्यांनाही श्राउड बनवण्याचे हे काम उपयोगी पडते.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापावा. घाई करून थेट पत्रा कापू नये. साधारण १ मिमी जाडीचा पत्रा पुरतो. गोल भोकाचा मध्य पंख्याच्या मध्याशी जुळवावा, जाळीच्या नव्हे. दोन्ही बहुधा एका रेषेत नसतात. पात्यांची निम्मी रुंदी भोकाभोवतीच्या कड्याच्या आत असावी. रबरी माउंटिंगवरचे इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच डुलते, म्हणून पात्याच्या टोकाभोवती १२ ते २५ मिमी मोकळी जागा ठेवावी. ती कमी पडली तर पाते पत्र्याला घासते आणि जाळी फाटू शकते. कड्याची धार दुमडून घ्यावी. पत्रा थरथरत नाही, हातही कापत नाही. जाळीला टेकणाऱ्या कडेवर रबरी पट्टी लावावी. बोल्ट रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीलाच कसावेत. नळ्यांमधून आरपार घालू नयेत.