आवरणे : मराठी गृहव्यवस्थेचा शब्दांतून दिसणारा इतिहास

घर आवरणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की तिला काही इतिहास असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. किल्ल्यांचा, सनदांचा, राजघराण्यांचा इतिहास लिहिला जातो. माळ्यावरील मोडक्या पाळण्याचा कोणी लिहीत नाही. तथापि घरात वस्तू साचल्या म्हणजे त्यांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीस पडलेला आहे आणि त्याची उत्तरे काही भाषेत, काही ग्रंथांत व काही दफ्तरांत शिल्लक राहिली आहेत. त्यांपैकी थोड्यांचा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम क्रियापदच पाहावे. ‘आवरणे’ याच्या मुळाशी संस्कृत ‘आ + वृ’ असून झाकणे, वेढणे, रोखणे हे त्याचे अर्थ होत. मराठी माणूस उधळलेला घोडा आवरतो, राग आवरतो, हुंदका आवरतो आणि घरही आवरतो. म्हणजे या क्रियेत प्रधान कल्पना स्वच्छतेची नसून निग्रहाची आहे. जे आवरावयाचे तो ‘पसारा’. हा शब्द उघडच संस्कृत ‘प्रसार’ याचा वंशज. पसरलेले आत घेणे एवढेच आवरण्यात अभिप्रेत आहे. ‘अडगळ’ निराळी. तिचे नाते अडणे, अडचण, अडसर या कुळाशी दिसते. अडगळीची वस्तू वाईट असते असे नव्हे; ती वाटेत असते इतकेच. आणि ‘केर’ तो या दोहोंहून वेगळा, कारण तो बाहेरच जावयाचा. केर टाकावा, पसारा आवरावा, अडगळ वाटेतून हलवावी, अशी तीन कामे भाषेने तीन शब्दांत वाटून ठेविली आहेत. आजचा गृहस्थ ती तिन्ही एकाच रविवारी एकदम हाती घेतो आणि दुपारपर्यंत ढिगाच्या मध्यभागी हताश होऊन बसतो. त्याच्या थकव्याचे एक कारण या सरमिसळीत असावे, असे आम्हांस वाटते.

वस्तू ठेवण्याच्या जागांची नावेही बोलकी आहेत. ‘खण’ म्हणजे दोन खांबांमधील अंतर. वाड्याचा विस्तार खणांवर मोजीत. टेबलाच्या ज्या कप्प्यात आपण दौत-लेखणी ठेवितो तोही खणच. ‘घर’ हा शब्द तर माणसाच्या निवासापासून चष्म्याच्या आवरणापर्यंत व सोंगटीच्या चौकोनापर्यंत सर्वत्र चालतो. ज्या वस्तूला जागा आहे तिला घर आहे. ‘मांडणी’ म्हणजे भांडी ठेवण्याची फळी आणि विषयाची मांडणीही. ‘कपाट’ हा मूळचा दाराच्या फळीचा वाचक. मराठीत त्या दारामागील पोकळीलाच ते नाव मिळाले. ‘उतरंड’ मात्र सदोष योजना म्हणावी लागेल. थोरल्या मडक्यावर धाकटे असे रचीत गेल्याने जागा वाचते खरी, पण तळच्या मडक्यातील मूठभर वस्तूसाठी सगळी उतरंड उतरवावी लागते. स्वयंपाकघरातील हा अनुभव पुष्कळ आधुनिक कपाटांनाही लागू आहे.

‘कोठी’ या शब्दाच्या मागे गेल्यास आपण कौटिल्याच्या कोष्ठागारापाशी पोहोचतो. ‘अर्थशास्त्र’ हा ग्रंथ १९०९ मध्ये म्हैसूर येथे शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केल्यापासून त्यातील राजनीतीची चर्चा विपुल झाली; कोठाराविषयीच्या प्रकरणाकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. धान्य उंचावर ठेवावे, स्निग्ध पदार्थ मातीच्या वा लाकडी पात्रांत, मीठ जमिनीवर, असा तेथे विभाग आहे. साठ्यापैकी अर्धा आपत्काळासाठी राखावा, अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे भरीत जावे, असाही दंडक आहे. राखीव साठासुद्धा तेथे गतिमान आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त गृहिणीच्या कर्तव्यांमध्ये वर्षाचे उत्पन्न मोजून त्यानुसार खर्च करण्याबरोबरच जीर्ण वस्त्रांचा संचय करावा असे सांगितले आहे, पण त्याला जोडूनच, काम केलेल्या सेवकांस ती देऊन टाकावी अथवा अन्यत्र उपयोगात आणावी, असे म्हटले आहे. संचयाच्या वाक्यातच त्याची वाट सांगितली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आमच्याकडे लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि उरलेल्या चिंधीचा बोळा अशी जी उतरती श्रेणी होती, ती याच विचाराची. श्रेणीत न बसणारे कापड बोहारणीकडे जाई व त्याचे भांडे होऊन परत येई.

शिवकालाकडे वळल्यास अठरा कारखान्यांची व्यवस्था समोर येते. इ. स. १६९७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या सभासद बखरीत त्यांची यादी आहे. याद्यांतील नावांत थोडा फरक आढळतो. परंतु धान्याचा अंबरखाना, तंबू व बैठकीचा फरासखाना, मुदपाकखाना, दारूखाना अशी वाटणी सुपरिचित आहे. राज्याचा अफाट संसार कोणा एकास एकत्र पाहावा लागू नये, अशीच ही योजना. याहून उद्बोधक पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे इ. स. १७१५–१६ च्या सुमारास, मिळतो. दारूखाना घरांपासून दूर असावा, तळघरात माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, असे सांगून ग्रंथकार पुढे म्हणतो की आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने सर्व जिन्नस बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावे. वर्षातून एकदा मोठा उठाव करण्यापेक्षा थोड्या दिवसांनी थोडे काम, आणि तेही नेमून दिलेल्या माणसाने करावयाचे, हे तत्त्व यात स्पष्ट आहे. गडावरील केराविषयीची आज्ञाही तितकीच नेमकी : तो गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा व राख परसात घालून भाजीपाला करावा.

वार्षिक आवराआवर नव्हतीच असे नाही. आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री सुपे वाजवून अलक्ष्मीस अंगणाबाहेर घालविण्याचा विधी ‘धर्मसिंधू’ (१७९०) सारख्या निबंधग्रंथांत आला आहे, आणि नव्या केरसुणीची पूजा अजूनही घरोघर होते. मात्र हा विधी केराचा आहे, अडगळीचा नव्हे.

वाड्यातून चाळीत आलेल्या कुटुंबाची अडचण येथून समजते. १९२० नंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींत एका बिऱ्हाडास सुमारे १६० चौरस फूट जागा असे. कोठी, बळद, परस, पडवी ही सर्व नाहीशी झाली; साठविण्याची सवय मात्र गावाहून बरोबर आली. मग सर्व खात्यांचा भार एकट्या माळ्यावर पडला.

अडगळ काढताना काय गमावले जाते, हा इतिहासाच्या अभ्यासकास झोंबणारा भाग आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला, तो वाई येथे हाती आलेल्या पत्रांच्या आधारे. पानिपतापूर्वीच्या दशकाचा पत्रव्यवहार एका खाजगी संग्रहात पडून होता. घरच्यांनी तो एखाद्या दिवाळीस बंबात घातला असता तर त्यांस कोणी दोष दिला नसता. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागे अशा कागदांची काळजी हे एक मोठे कारण होते. ‘उपयोग नसेल ते टाकावे’ ही कसोटी भांड्यांना बरी. कागदांच्या बाबतीत ती फसते, कारण मोडी लिपी व्यवहारातून व शाळांतून गेल्यापासून कागद निरुपयोगी आहे की अवाच्य आहे, हे घरधन्यास सांगता येत नाही.

जुन्या कारकुनांची रीत येथे उपयोगी पडते. ते कागद फडक्यात बांधीत व त्या बासनासच ‘रुमाल’ म्हणत. पेशवे दफ्तरात हाच शब्द मोजणीचे एकक झाला. माळा उतरविताना निघालेले मोडी कागद न निवडता, न उलगडता, आहेत त्याच क्रमाने एका सुती फडक्यात बांधावे, कोणत्या पेटीत सापडले ते चिठ्ठीवर लिहून वर लावावे आणि कोरड्या खणात ठेवावे. निवड मोडी वाचणाऱ्याने करावयाची आहे. बाकीचा माळा त्याच्यासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.