तंटामुक्त खैरलांजी

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आठवतेय? गृहमंत्री आर. आर. पाटलांनी १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केलेली. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे, दर वर्षी २०० पैकी मार्क मिळणार. पास झालेल्या गावाला गृह खात्याकडून रोख बक्षीस. हजाराच्या आतलं गाव असेल तर १ लाख, आणि गाव मोठं तशी रक्कम मोठी.

कल्पना तशी जुनीच. पाटील म्हणजे पूर्वी गावचा पोलीसच होता. वंशपरंपरेची पाटीलकी साठच्या दशकात गेली, आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने सरकारने नेमलेला पोलीस पाटील आला. त्यात नवीन गोष्ट एकच, बक्षिसाचा पैसा. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना हाच फॉर्म्युला ग्रामस्वच्छता अभियानात वापरला होता आणि तो चांगलाच चालला होता. पण संडास मोजता येतात हो. तंटे कसे मोजणार?

आता भंडारा जिल्ह्यात चला. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. इथला एक वाद होता शेतातल्या रस्त्याचा. भोतमांगे हे दलित कुटुंब, आणि त्यांच्या जमिनीतून बाकीच्यांना वाट हवी होती. म्हणजे तंटामुक्त समितीपुढे यावा अगदी तसाच तंटा. भोतमांग्यांची बाजू घेणारे शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील. ३ सप्टेंबर २००६ ला त्यांनाच मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियांका या साक्षीदार झाल्या. आरोपींना अटक झाली, २९ सप्टेंबरला जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमावाने सुरेखा, प्रियांका, सुधीर आणि रोशन या चौघांना ठार मारलं. भय्यालाल तेवढे वाचले.

लक्षात घ्या, इथे गावपातळीची पोलीस यंत्रणा होती. पोलीस पाटील होता, तक्रार होती, साक्षीदार होते. कमी होतं ते साक्षीदारांच्या मागे कोणीतरी उभं राहणं.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची शिक्षा दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्ही कोर्टांनी लागू धरला नाही.

आणि त्याच २०१० साली खैरलांजीला पुरस्कार मिळाला. तंटामुक्त गाव म्हणून!

हे वाचून पहिल्यांदा संताप येतो. पण मला वाटतं यात कोणी मुद्दाम थट्टा केली नसावी. फॉर्म भरला गेला, मार्क पडले, गाव पास झालं. आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. टीमला ओपन बग्जच्या आकड्यावर जोखायला लागा, बग्ज कमी होतातच. काही खरोखर दुरुस्त होतात, काही नुसते 'क्लोज' होतात, आणि काही कोणी नोंदवायच्याच भानगडीत पडत नाही. आकडा तिन्हींना सारखाच मोजतो.

मोहीम वाईट होती असं मी म्हणत नाही. बांधाच्या भांडणापायी दोन पिढ्या कोर्टाच्या चकरा मारण्यापेक्षा पारावर बसून मिटवलेलं कधीही बरं. पण दोन्ही बाजूंचं वजन सारखं असेल तरच ते मिटवणं. नाहीतर एक घर विरुद्ध अख्खं गाव, वर 'तुझ्या एका केसपायी गावाचं बक्षीस जाईल' हा दबाव... अशा वेळी दुबळा माणूस गप्प बसतो, आणि कागदावर तीच शांतता दिसते.

उद्या असा निधी पुन्हा कुठल्या योजनेतून आला, तर त्या फॉर्मवर एक रकाना वाढवायला हवा: तंटा मिटल्यावर तक्रारदार अजून गावात राहतोय का? भय्यालाल हत्याकांडानंतर गाव सोडून भंडाऱ्यात राहिले. जानेवारी २०१७ मध्ये ते वारले. २०१० च्या त्या 'तंटामुक्त' गावात तक्रार करायला भोतमांग्यांच्या घरातलं कोणी उरलंच नव्हतं.