कासरा कुणाच्या हातात

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं १२६ वं कलम फारसं कुणी उघडून बघत नाही. इंजिन बंद करून ब्रेक लावलेला नसेल, तर रस्त्यात नुसती उभी असलेली गाडीसुद्धा चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस असल्याशिवाय ठेवता येत नाही, असं ते सांगतं. चालती गाडी तर लांबच राहिली. बीडच्या कोर्टात मी मोटार अपघाताचे दावे चालवते. तिथं हे कलम मला कधी कामाला आलेलं नाही. पण विनाचालक गाड्यांचा विषय निघाला की ते आठवतं आणि पाठोपाठ माझ्या वडिलांची, आप्पांची बैलगाडी आठवते. चालक झोपलेला आणि गाडी चालू, हा प्रकार आमच्या जिल्ह्याला नवा नाही.

दसरा झाला की वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर या बालाघाटाच्या पट्ट्यातली गावं ऊसतोडीसाठी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाडव्यापर्यंत सांगली, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटकातला कारखाना गाठायचा. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून ट्रकात भरायचे. आमचे आई-आप्पा बैलगाडीवाले. बैल घरचे, टायरची गाडी कारखान्याची. पहाटे अंधारात फडात शिरायचं, दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधून गाडी भरायची आणि दिवस कलताना कारखान्याची वाट धरायची. तळावर नंबर लागायला मध्यरात्र व्हायची. वजनकाटा झाला, गव्हाणीपाशी गाडी खाली झाली, की परत. या परतीच्या वाटेवर आप्पा कासरा गाडीच्या खुंट्याला गुंडाळत, पोत्यावर अंग टाकत आणि दोन मिनिटांत घोरायला लागत. पुढचं हौशा आणि चिमण्या हे बैल बघत.

ते बघत म्हणजे खरंच बघत. डांबरी सोडून कॅनॉलच्या वाटेला कुठं वळायचं, चढाला दम कुठं खायचा, खोपीपाशी कुठं उभं राहायचं, सगळं त्यांना पाठ. एकदा पुलाच्या तोंडाशी कुणी खडीचा ढीग टाकून ठेवला होता. कालपर्यंत नसलेली वस्तू. बैल जागच्या जागी थांबले. आप्पा जागे झाले ते गाडी हलायची थांबली म्हणून. उतरले, ढीग बघितला, बैलांना हाताने धरून बाजूनं काढलं आणि पुन्हा झोपले. कळलं नाही की थांबायचं, एवढी अक्कल त्या जनावरांत होती. त्यांचाही जीव त्याच जुवात अडकलेला होता, हेही खरं.

धोका बैलांचा नव्हताच. धोका मागून यायचा. भरधाव ट्रकला अंधारातली उसाची गाडी दिसते ती अगदी जवळ आल्यावर. पूर्वी गाडीखाली कंदील टांगत, तो वाऱ्यानं विझायचा. आता गाळप सुरू झालं की कारखाने आणि परिवहन खातं गाड्यांना लाल रिफ्लेक्टर चिकटवतात, पेपरात फोटो येतो. आमच्या तांड्याशेजारची एक गाडी अशीच मागून उडाली. गाडीवान वाचला, बैलजोडी गेली. ट्रक कुणाचा, शेवटपर्यंत कळलं नाही.

कायद्याचा इतिहास बघायला लागले तेव्हा एक गंमत दिसली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं २७९ वं कलम बेदरकारपणे वाहन हाकण्याचं होतं. त्यात वाहन कोणतंही, म्हणजे बैलगाडीही आली. २८९ वं कलम जनावर हयगयीनं मोकळं सोडण्याचं. मोटार जगात नव्हती तेव्हाच कायद्यानं ठरवून टाकलं होतं की गाडी असो की जनावर, जबाबदार माणूस. इंग्लंडात तर १८६५ च्या कायद्यानं रस्त्यावर चालणाऱ्या यांत्रिक गाडीपुढं लाल झेंडा घेतलेला माणूस पायी चालवला. गावात वेग ताशी २ मैल. १८९६ मध्ये ते बंधन गेलं. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाकडं. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर सरकारी वाहतूक सुरू केली. पुढं राज्य बदललं आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची एसटी महामंडळात आली.

त्याच १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला: चालकाला दिवसाला ८ तास. १९६५ मध्ये ओढकामाच्या जनावरांचे नियम आले: दिवसाला ९ तासांहून जास्त जुंपायचं नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ बिलकूल नाही. म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरचे तास मोजले, हौशा-चिमण्याचेही कागदावर मोजले. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या आप्पांचे तास यातल्या कुठल्याच वहीत नव्हते. ते गाडीवर झोपत ते त्यामुळं; बैलांवर विश्वास होता हे नंतरचं.

मग ट्रॅक्टर आले. एका हेडमागं दोन ट्रॉल्या, वर ऊस, नाहीतर हंगामाच्या सुरुवातीला भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं. माझ्याकडचे निम्मे दावे इथलेच. ट्रॉली उलटते, माणूस जातो आणि विमा कंपनी जबाबात लिहिते की ट्रॅक्टरला सीट एकच, ती चालकाची. वर बसलेल्यांशी आमचा संबंध नाही. कधी ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो. यंत्र बैलापेक्षा गुंतागुंतीचं झालं, तसे हात झटकणारेही वाढले.

म्हणून १८ मार्च २०१८ चा अमेरिकेतला अपघात मला परका वाटत नाही. ॲरिझोनातल्या टेंपी गावात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीनं रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला ठोकरलं. ती गेली. गाडीच्या यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण हे वाहन आहे, दुसरं काही आहे की सायकल, यात यंत्रणेचं मत बदलत राहिलं आणि ब्रेक वेळेत लागला नाही. कळलं नाही तरी गाडी थांबली नाही. चालकाच्या सीटवर देखरेखीला बसवलेली बाई मोबाइल बघत होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. २०२३ मध्ये त्या बाईनं गुन्हा कबूल केला आणि तिला ३ वर्षांची परिवीक्षा मिळाली. खुर्चीवर माणूस सापडला की तपास तिथंच बसतो, हे बीडला काय आणि ॲरिझोनात काय.

आपल्याकडं नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं की चालकांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या येऊ देणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात २ बी हे कलम बसलं आहे आणि संशोधनाच्या नावाखाली काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट द्यायची मुभा त्यानं केंद्राला दिली आहे. मंत्र्यांचा शब्द मंत्र्यांबरोबर जातो, कलम मागं राहतं. शिवाय आपोआप ब्रेक लावणाऱ्या, पट्टा धरून चालणाऱ्या गाड्या आत्ताच सोलापूर-धुळे महामार्गावर धावतात. मांजरसुंब्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, कुठला पट्टा आणि कसलं काय.

१ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तपासाचे नमुने ठरले आहेत. पहिला पोलिसांनी ४८ तासांत द्यायचा. तिसरा चालकानं भरायचा, चौथा मालकानं. ब्रिटननं २०२४ च्या कायद्यात गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालण्याची जबाबदारी, ती रस्त्यावर आणायची परवानगी घेणाऱ्या कंपनीवर टाकली. आत बसलेल्याला मोकळं केलं. आपल्याकडं तसं करायचं तर तिसऱ्या नमुन्यावर कंपनीची सही हवी, सोबत गाडीनं शेवटच्या मिनिटात काय पाहिलं याची नोंद हवी आणि ती नोंद मयताच्या वारसाला अर्ज-विनंत्या न करता मिळायला हवी. नाहीतर धारूरच्या एखाद्या विधवेनं बंगळुरूच्या सर्व्हरमधला पुरावा काढायचा कसा? ट्रॉलीचं आरसी बुक मिळवायलाच आम्हाला सहा-सहा तारखा लागतात.