जॉक स्टीन : खाणकामगार ते व्यवस्थापक

जॉक स्टीन (१९२२-१९८५) यांच्या कारकिर्दीचा अभ्यास बहुधा जिंकलेल्या चषकांच्या नोंदींतच संपतो. प्रस्तुत लेखात ती ग्लासगो शहरातील धार्मिक दुभंगाच्या पार्श्वभूमीवर पाहिली आहे. १८८७ मध्ये ब्रदर वॉल्फ्रिड या कॅथलिक धर्मबंधूने गरीब आयरिश स्थलांतरितांच्या साहाय्यार्थ सेल्टिक क्लबची स्थापना केली. प्रतिस्पर्धी रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा क्लब मानला जाई; एखादा नामवंत कॅथलिक खेळाडू उघडपणे घेण्यास त्याला १९८९ साल उजाडावे लागले. लॅनार्कशायरमधील बर्नबँक येथे जन्मलेले स्टीन प्रोटेस्टंट होते.

तरुणपणी ते कोळशाच्या खाणीत राबत आणि अल्बियन रोव्हर्सकडून खेळत. पूर्णवेळ खेळाडू ते १९५० मध्ये झाले, तेही वेल्समधील एका लहान संघात. डिसेंबर १९५१ मध्ये सेल्टिकने त्यांना राखीव संघासाठी घेतले. प्रमुख बचावपटू जायबंदी झाल्याने त्यांना पहिल्या संघात स्थान मिळाले, ते पुढे कर्णधार झाले आणि १९५४ मध्ये लीग व स्कॉटिश चषक दोन्ही सेल्टिककडे आले.

घोट्याच्या दुखापतीने खेळणे थांबल्यावर त्यांनी क्लबच्या राखीव खेळाडूंना घडविले. मात्र सेल्टिकचे तोवरचे तीनही व्यवस्थापक कॅथलिक होते, हे विसरून चालणार नाही. १९६० मध्ये ते डनफर्मलिनला गेले आणि पुढल्याच वर्षी त्या संघाने स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत सेल्टिकलाच हरविले. मार्च १९६५ मध्ये सेल्टिकने त्यांना व्यवस्थापक म्हणून परत बोलाविले.

१९६६ ते १९७४ सलग नऊ लीग विजेतेपदे लाभली. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानवर २-१ असा विजय मिळवून सेल्टिक हा युरोपियन चषक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब ठरला. त्या संघातील सर्व खेळाडू ग्लासगोपासून सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते आणि त्यांत दोन्ही पंथांचे लोक होते. आमच्या मते, हा तपशील चषकाइतकाच महत्त्वाचा आहे. खेळाडूची पारख करताना स्टीन यांनी पंथ पाहिला नाही.

१९७८ मध्ये मात्र क्लबने त्यांच्यापुढे निधिसंकलनाशी निगडित असे संचालकपद ठेवले. ते नाकारून स्टीन लीड्सला गेले आणि ४४ दिवसांतच स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा सांभाळण्यासाठी परतले. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना १-१ असा बरोबरीत सुटत असताना ते मैदानालगत कोसळले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.