रोमन लोकांचे देव आणि ब्रह्मपुरीची मूर्ति

कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदनगार यांस कांशाच्या जुन्या वस्तूंचा एक सांठा मिळाला. मागोमाग १९४५-४६ मध्यें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें आणि सातवाहनकालीन वसाहत उजेडांत आली. त्या सांठ्यांत भांडीं होतीं, आरसे होते आणि पोसायडन या समुद्रदेवाची एक लहानशी मूर्तीहि होती. गारगोटीहून जाऊन ती पाहून आलेला विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतो: रोमन देव आपल्या मुलखांत आला कसा?

उत्तर सोपें आहे. मिऱ्यें, कापड व रत्नें यांच्या मोबदल्यांत रोमन माल पश्चिम किनाऱ्यावर उतरे व घाट चढून वर येई. परंतु त्या मूर्तीस 'रोमन देव' म्हणणें कितपत योग्य, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण तिचें रूप सर्वस्वी ग्रीक आहे.

रोमन लोकांचा नेपच्यून मूळचा समुद्राचा देव नव्हेच. तो झऱ्यांचा व गोड्या पाण्याचा देव. त्याचा सण २३ जुलैला येई. त्या दिवसांत आमच्या वेदगंगेला पूर असतो; इटलींत मात्र झरे आटत, आणि लोक पानांच्या मांडवांत बसून तो सण करीत. पुढें ग्रीकांशीं संबंध वाढला, तेव्हां पोसायडनचा समुद्र, त्रिशूळ व कथा हीं सर्व त्यास आयतींच मिळालीं. इ. स. पूर्वी ३९९ मध्यें रोगाची सांथ आली असतां सहा देवतांस पलंगांवर निजवून नैवेद्य दाखविण्यांत आला. त्या सहांत नेपच्यूनहि होता.

आम्ही इंग्रजी शिकलेल्या लोकांनीं ज्युपिटरच्या प्रेमकथा वाचून त्यालाच रोमन धर्म समजावें, हें आमचें दुर्दैव होय. त्या कथा बहुतेक उसन्या. खरा रोमन धर्म शेतांत व चुलीपाशीं होता. चुलीची देवता वेस्टा, कोठाराचे पेनाटीस, घराचे राखणदार लारीस. शेताच्या हद्दीचा दगड म्हणजे टर्मिनस देव. २३ फेब्रुवारीस दोन्ही बाजूंचे शेजारी येऊन त्यास हार घालीत. (बांधाच्या तंट्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांनीं ही चाल उचलण्याजोगी आहे!) २५ एप्रिलला रोबिगस या देवतेस कुत्र्याचा बळी देत, तो गव्हावर तांबेरा पडूं नये म्हणून. देवतेच्या नांवाचा अर्थच मुळीं तांबेरा.

या देवांविषयीं पुराणें रचावीं असें रोमन शेतकऱ्यास वाटलें नाहीं. व्हॅरो सांगतो कीं, १७० वर्षांहून अधिक काळ रोममध्यें देवांच्या मूर्तीहि नव्हत्या. देवाशीं संबंध नवसाचा: तूं हें दे, मी तें देईन. मंत्राचा एक शब्द चुकला तर सारा विधि पुन्हा करावा लागे. मनांत भाव काय आहे, हें कोणी विचारीत नसे. याबाबतींत तो आमच्या मीमांसकांचा सख्खा भाऊ शोभला असता.

परके देव घेण्यास रोमन लोक कचरत नसत. हॅनिबलशीं युद्ध चालू असतां इ. स. पूर्वी २०४ मध्यें त्यांनीं आशिया मायनरहून देवमाता आणली. ती होती एक काळा दगड. आमच्या देवीच्या तांदळ्यासारखीच निराकार. परंतु या औदार्यास मर्यादा होती. सिनेटच्या संमतीवांचून पसरलेला बॅकसचा पंथ इ. स. पूर्वी १८६ मध्यें कठोरपणें दडपण्यांत आला. शेवटीं इ. स. ३९१-९२ च्या सुमारास थिओडोसियस बादशहानें जुन्या देवांची पूजाच बंद केली.

विजयी धर्मानें त्या शेतदेवांस रानटी ठरविलें. तोच मापदंड पुढें पाद्र्यांनीं आमच्या म्हसोबा-मरीआईस लावला, आणि आमच्या सुधारकांपैकीं कित्येकांनीं तो निमूटपणें मान्य केला. म्हसोबास नांवें ठेवणारा पदवीधर टर्मिनसचें नांव मात्र आदरानें घेतो, याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे.

याच्या उलट टोंकास जाऊन ब्रह्मपुरींत रोमन देवाची पूजा होत असे, असें म्हणणारेहि भेटतात. त्यास आधार नाहीं. मूर्ति देवळांत सांपडलेली नाहीं. ती भांड्यांच्या व आरशांच्या संगतींत सांपडली. तिच्या मालकास ती देव वाटली, शोभेची वस्तु वाटली, कीं नुसतें कांसें वाटलें, हें त्या सांठ्यावरून ठरत नाहीं.