कुलाबा–अलिबागच्या चुंबकीय नोंदी आणि द्रवातील उष्णता-अभिसरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत विक्षेप-चुंबकमापी वापरताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ०.३८ गॉस गृहीत धरला जातो. ही संख्या स्थिर नाही. ती का बदलते, याचे उत्तर भूगर्भातील वितळलेल्या लोहाच्या अभिसरणात आहे. आणि ती बदलते याचा भारतातील सर्वांत दीर्घ पुरावा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने जतन केला आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१८२६ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणांना आरंभ झाला. बाळशास्त्री जांभेकरांकडे काही काळ तिची सूत्रे होती. अलिबागनजीकच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे १८४० मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी तेथे नोकरीस लागले. त्या काळी वाचने डोळ्यांनीच घ्यावी लागत. सप्टेंबर १८५९ च्या आरंभीच्या महावादळात क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद येथेच झाली. त्या वादळापूर्वी कॅरिंग्टनने ज्या सौरडागांच्या समूहावर तेजोद्रेक पाहिला, ते डाग काळे का, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. हेलने १९०८ मध्ये सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखविले आणि १९४१ मध्ये बिअरमनने सुचविले की, हेच क्षेत्र खालून उष्णता आणणारे अभिसरण रोखते. म्हणून डाग भोवतालापेक्षा थंड राहतो.

या कल्पनेस काटेकोर गणिती रूप दिले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी. द्रवाचा थर खालून तापविल्यास तापमानातील फरक एका मर्यादेपलीकडे गेल्यावरच अभिसरण सुरू होते. द्रव विद्युत्‌वाहक असेल आणि त्यातून उभे चुंबकीय क्षेत्र जात असेल, तर हलणारा द्रव बलरेषांना छेदतो, त्यात विद्युत्‌प्रवाह प्रेरित होतो आणि त्यावरील बल मूळ गतीलाच विरोध करते. परिणामी ही मर्यादा उंचावते. १९५२ च्या शोधनिबंधात चंद्रशेखरांनी ती किती उंचावते हे दाखविले. आज ‘चंद्रशेखर अंक’ म्हणून ओळखली जाणारी राशी क्षेत्राच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि क्षेत्र प्रबळ असता अभिसरणाची मर्यादा या राशीच्या प्रमाणात वाढते. शिकागो येथे नाकागावा यांनी पाऱ्यावर केलेल्या प्रयोगांनी हे भाकीत खरे ठरविले. आपल्याकडे चंद्रशेखरांचे नाव श्वेतबटू ताऱ्यांच्या मर्यादेशीच जोडले जाते. १९६१ च्या त्यांच्या स्थैर्यविषयक ग्रंथाची उपेक्षा अनाठायी आहे.

याच ग्रंथात अधिक कुतूहलाचा भाग येतो. परिभ्रमणही अभिसरणास रोखते. परंतु परिभ्रमण आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही असतील, तर विरोध दुप्पट होतोच असे नाही. विशिष्ट परिस्थितीत क्षेत्रामुळे परिभ्रमणाचे बंधन शिथिल होते व अभिसरण सुलभ होते. सुमारे २,८९० कि.मी. खोलीवर सुरू होणाऱ्या पृथ्वीच्या बाह्य गाभ्यात नेमकी ही दोन्ही बले आहेत. तेथील अभिसरण क्षेत्र निर्माण करते आणि ते क्षेत्र अभिसरणास वळण लावते. पृष्ठभागावर वर्षानुवर्षे दिसणारे मंद बदल प्रामुख्याने या घडामोडींचे आहेत. १८५९ सारखी वादळे मात्र पृथ्वीबाहेरील प्रवाहांमुळे येतात. दोन्ही वेगळे करायचे तर एकाच पद्धतीची अखंड नोंद हवी.

ही अखंडता एकदा धोक्यात आली होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्यांच्या प्रवाहाने उपकरणे निरुपयोगी होतील हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबाग निवडले. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या व १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेण्यात आली, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेशी जुळावी. ट्राम १९०७ मध्ये धावली. मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची सामग्री प्रसिद्ध केली. गाभ्यातील अभिसरणाचे समीकरण तोवर कोणी मांडलेलेही नव्हते.